'कोतवाल' : एका विरळ आडनावाचा उगम आणि अर्थ

आपल्या ज्ञातीतील कुटुंबांची यादी वाचावयास घेतली म्हणजे जाधव, पवार, शिंदे, राऊत, गायकवाड ही आडनावे पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढून जातात. महाराष्ट्रातील अठरापगड जातींत ती पसरलेली असल्यामुळे त्यांविषयी कोणी कोणास काही विचारीत नाही. मधूनच मात्र एखादे असे आडनाव येते की, वाचणारा क्षणभर थबकतो. 'कोतवाल' हे त्यांपैकी एक होय. रायगड जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत, हे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते ठाऊक असते ते त्या आडनावाची घरे पुष्कळ आहेत म्हणून नव्हे, तर माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मलेल्या हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्यामुळे.

अशा विरळ आडनावाच्या कुटुंबास दोन प्रश्नांना वारंवार तोंड द्यावे लागते. सोयरीक जुळविण्याच्या बैठकीत आपलेच ज्ञातिबांधव विचारतात, "हे आडनाव आपल्यातले कसे?" आणि ज्ञातीबाहेरचे लोक विचारतात, "कोतवाल म्हणजे अंमलदार. अंमलदाराचे आडनाव तुमच्याकडे कसे?" पहिल्या प्रश्नात कुतूहल आहे, दुसऱ्यात कुतूहलाबरोबर थोडासा डंखही आहे. अधिकार काही घराण्यांचा आणि सेवा उरलेल्यांची, अशी जी एक जुनी समजूत आपल्या समाजात मुरलेली आहे, ती या प्रश्नातून बोलत असते. म्हणून या आडनावाचा अर्थ नीट समजून घेणे हे केवळ शब्दकोशाचे काम नव्हे. ते आपल्या मुलाबाळांच्या स्वाभिमानाचेही काम आहे, अशा भावनेने आम्ही हा लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

शब्दाचा उगम

'कोतवाल' हा शब्द फारसी आहे असे पुष्कळांस वाटते, कारण मुसलमानी अमदानीत तो सर्वत्र रूढ झाला. त्याचे मूळ मात्र संस्कृतात आहे. 'कोट्ट' म्हणजे किल्ला आणि 'पाल' म्हणजे राखणारा. किल्ल्याचा जो राखणदार तो 'कोट्टपाल'. बोलता बोलता दोन स्वरांमधील 'प'चा 'व' झाला, जोडाक्षर सैल पडले, आणि कोट्टपालाचा कोटवाल व पुढे कोतवाल झाला. गोपालाचा गोवळा आणि दीपावलीची दिवाळी ज्या नियमाने झाली, त्याच नियमाने हेही घडले.

हे पद किती जुने आहे याचा एक सुंदर दाखला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे. तेथील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ च्या सुमाराचा शिलालेख असून त्यात प्रतीहार राजा भोज याच्या अमलातील अल्ल नावाच्या कोट्टपालाचा उल्लेख आहे. हाच तो लेख, ज्यात मंदिराच्या बागेची लांबी २७० हात दिली असून त्यात आजच्यासारखे वाटोळे शून्य कोरलेले आहे. गणिताच्या इतिहासात ज्या शिळेला जगभर मान आहे, तिच्यावरच कोतवालांच्या पूर्वजपदाचेही नाव आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

इथून हा शब्द वायव्येकडे गेला. गझनीच्या सुलतानांच्या काळात फारसी इतिहासकार बैहकी याच्या लेखनात गझनीचा कोतवाल भेटतो. पुढे दिल्लीच्या सुलतानांबरोबर आणि मोगलांबरोबर तोच शब्द फारसी पोशाख करून पुन्हा हिंदुस्थानात आला. माहेरची लेक सासरचे लेणे लेवून परत यावी तसा हा प्रकार झाला. माहेरच्यांनी तिला ओळखले नाही, इतकेच.

कोतवालाचे काम

किल्ला राखणारा तो पुढे शहर राखणारा झाला. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त कोतवालाच्या कर्तव्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. कोतवालाने शहरातील घरांची आणि रहिवाशांची नोंद ठेवावी, रात्री गस्त घालावी, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत एकेक प्रमुख नेमावा, कोण परका आला व कोण गेला यावर लक्ष ठेवावे, वजने-मापे तपासावी, बाजारभाव चढू देऊ नये, अशी ती कामे आहेत. चोर पकडणे हा त्या कामाचा केवळ एक भाग होता. एकंदरीत शहर रात्री निर्धास्त झोपावे आणि दिवसा फसविले जाऊ नये, याची जबाबदारी एका माणसाच्या माथी होती.

मराठेशाहीतही हेच चित्र दिसते. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६४ मध्ये, पुण्यास कोतवालीची व्यवस्थित घडी बसविण्यात आली. जिनसांचे भाव ठरविणे, घरे व जागा यांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख ठेवणे, गल्ली-बोळांच्या हद्दींचे तंटे तोडणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणे ही सर्व कामे तेथे चालत. रात्री तोफ झाल्यावर विनाकारण रस्त्यावर फिरणाऱ्यास चौकीत जाब द्यावा लागे. बुधवार पेठेतील 'कोतवाल चावडी' हे नाव पुणेकरांच्या तोंडी त्या व्यवस्थेची आठवण म्हणून राहिले आहे. देवांनाही हे पद लोकांनी दिले. काळभैरवास 'काशीचा कोतवाल' म्हणतात, कारण विश्वेश्वराच्या नगरीची राखण त्याच्याकडे आहे, अशी श्रद्धा आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने होती. ती बापाकडून मुलाकडे जात, त्यांच्या वाटण्या होत, प्रसंगी ती विकलीही जात. कोतवाली ही त्या अर्थाने जन्मसिद्ध वस्तू नव्हती. ती राज्याने करावयाची नेमणूक होती. ज्याने राखण करून दाखविली तो कोतवाल. ज्याने विश्वास गमावला तो कोतवाल उरत नसे. म्हणजे या नावाच्या पोटातच जन्माऐवजी कर्तव्याला मान आहे.

पदाचे चढउतार

पदे माणसांसारखीच असतात. ती चढतात आणि उतरतात. कोतवालपदाला सर्वांत मोठा कलंक लागला तो पुण्यातच. १७७७ मध्ये नाना फडणिसांच्या कारभारात घाशीराम याच्याकडे कोतवाली आली. त्याच्या माणसांचा जुलूम वाढत गेला, आणि १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले, तेव्हा शहर खवळून उठले. लोकांनी घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकर यांच्या १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकामुळे ही कथा देशोदेशी गेली, आणि कोतवाल म्हटले की घाशीराम आठवावा अशी स्थिती झाली. राखणदारच भक्षक झाला म्हणजे लोक त्याचे नाव किती काळ विसरत नाहीत, याचे हे उदाहरण आहे.

दुसरा उतार निराळ्या प्रकारचा आहे. मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १९५९ पासून अमलात आला. वतनदार गावकामगारांच्या जागी सरकारने गावोगाव जे वेतनी सेवक नेमले, त्यांना 'कोतवाल' हे नाव मिळाले. दवंडी देणे, नोटिसा पोचविणे, तलाठ्याचे दप्तर वाहणे, सरकारी वसुलाच्या वेळी हजर राहणे अशी कामे तुटपुंज्या मोबदल्यात त्यांनी केली. जे नाव एके काळी शहराच्या मुख्य अंमलदाराचे होते ते महसूल खात्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. शिवकालीन गडावर हवालदार हा मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक असे. आज पोलीस ठाण्यातील हवालदार कोणत्या पायरीवर असतो हे सर्वांस ठाऊक आहे. सुभेदार हा प्रांताचा अधिपती होता. पुढे पलटणीत तो शब्द खालच्या दर्जावर आला. युरोपात 'कॉन्स्टेबल' या शब्दाचा मूळ अर्थ 'राजाच्या पागेचा सरदार' असा असून फ्रान्समध्ये तो सर्व सैन्याचा प्रमुख असे. आज कॉन्स्टेबल म्हणजे साधा शिपाई. उलट 'मार्शल' या शब्दाचा मूळ अर्थ 'घोड्यांचा चाकर' असा होता. तोच पुढे चढत चढत फील्ड मार्शल झाला. इंग्लंडात कॉन्स्टेबल आणि मार्शल ही दोन्ही आडनावे आहेत. जॉन कॉन्स्टेबल या नावाचा एक थोर चित्रकार १७७६ ते १८३७ या काळात होऊन गेला. सरदाराचा शिपाई झाला म्हणून तिकडे कोणी खाली मान घालीत नाही, आणि चाकराचा सेनापती झाला म्हणून कोणी आपले मूळ लपवीत नाही. शब्दाची किंमत सरकारी पगारपत्रकावर ठरत नसते, हा धडा आपणही घ्यावा.

पदाचे आडनाव होते तेव्हा

महाराष्ट्रातील आडनावांचे तीन मोठे वर्ग सहज दिसतात. गावावरून पडलेली, म्हणजे 'कर' शेवटी असलेली. धंद्यावरून पडलेली, म्हणजे सुतार, लोहार, सोनार अशी. आणि पदावरून पडलेली. चिटणीस, पोतनीस, सबनीस, फडणीस, कारखानीस ही तिसऱ्या वर्गातली होत. त्यांतील 'नीस' हे 'लिहिणारा' या अर्थाच्या फारसी 'नवीस' शब्दाचे मराठी रूप आहे. गडकरी, दिवाण, मुजुमदार हीही त्याच पंक्तीतली. 'कोतवाल' या वर्गात बसतो.

पदनामांचे वैशिष्ट्य असे की, ती जातीच्या कुंपणात राहत नाहीत. कोतवाल हे आडनाव ब्राह्मणांत आहे, मुसलमानांत आहे, पारशांत आहे आणि नाभिकांतही आहे. या सर्वांचा मूळ पुरुष एक होता असे कोणी म्हणणार नाही. एक होते ते पद. पद जेथे जेथे गेले तेथे तेथे त्याने आपले नाव मागे ठेवले. कधी ते पद सांभाळणाऱ्याच्या घराला चिकटते, कधी त्या कचेरीशी ज्यांचा नित्य संबंध असे त्यांच्या घराला, तर कधी गावच एखाद्याला त्याच्या करारी स्वभावावरून ते बहाल करतो. म्हणून "हे आडनाव आपल्यातले कसे?" या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जसे पाटील हे आडनाव अनेक जातींतले, तसे कोतवाल हेही अनेक जातींतले. आडनावावरून जात सांगता येत नाही आणि जातीवरून आडनावाचा हक्क ठरत नाही.

आपल्या ज्ञातीत मानदर्शक नावे आडनावे होण्याची परंपरा जुनीच आहे. न्हाव्यास आदराने 'म्हाला' म्हणण्याची चाल होती. त्यावरून 'महाले' हे आडनाव झाले. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार अडवून शिवछत्रपतींचे प्राण वाचविणारा जिवा महाला तो हाच. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचे रूप घेऊन मृत्यूला सामोरा गेलेला शिवा काशीद हाही आपलाच. वस्तरा धरणारा हात राखणही करू शकतो, हे या दोघांनी सिद्ध केले. आणि 'राखणारा' हाच तर कोतवाल शब्दाचा अर्थ आहे.

गावगाड्यातील न्हाव्याच्या कामाकडे या दृष्टीने पाहिले तर आणखी एक साम्य दिसते. गावातील प्रत्येक घराचा उंबरठा त्याने ओलांडलेला असे. जन्म, जावळ, लग्न, सुतक यांपैकी कोणतेही कार्य त्याच्यावाचून पार पडत नसे, आणि पुष्कळ गावांत रात्रीच्या वरातीपुढे वा पाहुण्यापुढे दिवटी धरण्याचे कामही त्याच्याचकडे असे. कोणाच्या घरी काय दुखते-खुपते हे ज्यास ठाऊक, कोण परका गावात आला हे ज्यास आधी कळते, आणि ऐकलेले पोटात ठेवणे हा ज्याचा धर्म, अशा माणसाला 'कोतवाल' हे नाव शोभत नाही असे कोण म्हणेल?

कर्जत-खालापूरची भूमी

आता या आडनावाला ज्या भूमीत नवा अर्थ मिळाला तिच्याकडे वळू. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, आणि कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. समुद्र या भागाला लागत नाही. त्याला सह्याद्री लागतो. बोरघाट, कुसूर घाट आणि कितीतरी लहान वाटा येथून देशावर चढतात. कर्जतकडे पेठचा कोथळीगड आणि ढाक, खालापूरकडे इर्शाळगड आणि माणिकगड, असा हा कोटांचा मुलूख आहे. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या सैन्याला कोंडून शरण आणले. वाटा राखणे हा या भूमीचा शतकानुशतकांचा व्यवसायच होता.

खालापूर तालुक्यातील चौक या गावाहून १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून गेले आणि माथेरान बाहेरच्या जगाला ठाऊक झाले. पुढे तेथे बंगले उठले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. हवा खावयास येणाऱ्यांच्या मागोमाग त्यांची सेवा करणारी माणसेही डोंगरावर गेली. हमाल, घोडेवाले, धोबी, न्हावी अशी. यांतल्याच एका गरीब नाभिक घरात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठलचा जन्म झाला.

शिक्षणासाठी त्यांना पुण्यास जावे लागले. वकिलीची परीक्षा देऊन ते परतले, तेव्हा आपले ज्ञान त्यांनी शहरात विकले नाही. ते कर्जत तालुक्यातील शेतकरी आणि ठाकर, कातकरी यांच्या कामी लावले. पावसाळ्याच्या तोंडी सावकाराच्या ओट्यावर बसण्याची पाळी कुळांवर येऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठीची योजना चालविली. खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. माथेरानच्या नगरपालिकेत ते निवडून आले व तिचे उपाध्यक्ष झाले. ज्या गावात वडिलांच्या पिढीने पाहुण्यांची दाढी केली त्याच गावाचा कारभार मुलाच्या हाती आला, ही गोष्ट आपल्या ज्ञातीने सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्यासारखी आहे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा पुकारा झाला आणि भाई भूमिगत झाले. त्यांनी उभारलेल्या 'आझाद दस्त्या'त शेतकरी होते, आदिवासी होते, शिकलेले तरुण होते. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवीत होते. घाटाखालून मुंबईकडे धावणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे डोंगराडोंगरांत उभे होते. युद्धाच्या ऐन धामधुमीत हे मनोरे पाडून राज्ययंत्राची नाडी थांबवावी, असा दस्त्याचा बेत होता, आणि सप्टेंबरपासून पुढचे काही महिने त्यांनी तो पार पाडून दाखविला. सरकारने त्यांच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लावला. अखेर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हे दोघेही कामी आले. भाईंचे वय त्या वेळी तीस वर्षे आणि एक महिना होते.

येथे आडनावांचा योग पाहण्यासारखा आहे. एक कोतवाल आणि एक पाटील, म्हणजे नावाने दोघेही राज्याचे अंमलदार. पण मरण आले ते राज्याविरुद्ध लढताना, आणि तेही एका कोटाच्या सावलीत. शब्दाच्या जुन्या अर्थाप्रमाणे ज्याने कोट राखावयाचा, त्याने कोटाच्या पायथ्याशी देह ठेवला. फरक इतकाच की, जुना कोतवाल राजाने नेमलेला असे. या कोतवालास कोणी राजाने नेमले नव्हते. त्याला लोकांनी नेमले होते. घाशीरामाने जे नाव मलिन केले ते १५२ वर्षांनंतर भाईंनी धुऊन काढले, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी एक कोतवाल

माथेरानच्या रानात आणि कर्जतच्या भातखाचरांच्या बांधावर एक काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी दिसतो. त्यालाही आपले लोक 'कोतवाल' म्हणतात. आकाराने तो साळुंकीएवढा. पण घरट्याजवळ कावळा आला, घार आली, तरी तिच्या पाठीवर झडप घालून तो तिला पिटाळून लावतो. म्हणून लहान, गरीब पाखरे त्याच्या झाडावर आपली घरटी बांधतात. कोतवाल शेजारी असला म्हणजे त्यांची पिले सुखरूप राहतात. खेडुतांनी या पक्ष्यास हे नाव कोणत्याही कोशात पाहून दिलेले नाही. लहान असून मोठ्यापुढे न दबणारा आणि आपल्याबरोबर शेजाऱ्यालाही राखणारा, इतकाच अर्थ त्यांनी त्या शब्दात ओळखला. आम्हांस वाटते, हीच या आडनावाची सर्वांत नेमकी व्याख्या होय.

असो. आता ज्ञातिबांधवांस व भगिनींस एक विनंती करून लेख आटोपता घेतो. आडनावांचे मूळ कागदांत सापडते आणि कागद वाळवीच्या तोंडी पडतात. प्रत्येक कुटुंबाने आपले मूळ गाव, कुलदैवत, पूर्वी कोणत्या गावाचे बलुते आपल्याकडे होते, शाळेच्या दाखल्यावर आजोबांचे आडनाव कसे लिहिले गेले, या गोष्टी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर विचारून टिपून ठेवाव्यात. जुन्या दाखल्यांत आडनावाच्या जागी नुसती जात लिहिण्याचाही प्रघात होता. अशा ठिकाणी वृद्धांची आठवण हाच एक पुरावा उरतो. विरळ आडनावांच्या घरांनी तर हे अगत्याने करावे. सोयरिकीच्या बैठकीत कोणी विचारले, "हे आडनाव आपल्यातले कसे?", तर मान खाली न घालता सांगावे की, ज्याने ज्याने राखण केली त्याचे त्याचे हे आडनाव आहे, आणि आमच्या घराने ते राखले आहे.